हात न लावायच्या घड्या

ज्ञानदा एका रविवारी दुपारी जिन्यातूनच ओरडत वर आली, "मावशी, सापडलं! घड्यांना हात लावायचा नाही, बस! एवढंच होतं!"

मी पलंगावर इस्त्रीच्या साड्या रचत बसले होते. मला वाटलं, मलाच सांगतेय. मी पटकन हात मागे घेतला आणि विचारलं, "का गं? काय सांडलंय?"

तिला घड्याळं म्हणायचं होतं. जन्म जयपूरचा, शाळा हिंदी-इंग्रजीची, त्यामुळे घड्याळाला ती घडी म्हणते आणि साडीच्या घडीला फोल्ड. तिची आई सुमन मिरजेची. लेकीचं मराठी ऐकून ती कपाळाला हात लावते. मला मात्र ते बोलणं आवडतं. जयपूरला शास्त्री नगरात आमची दोन घरं एकाच जिन्यावर आहेत, खाली ते, वर आम्ही. ज्ञानदाचे बाबा दिलीपराव विमा कंपनीतून बदली होऊन इकडे आले, आमचे हे बँकेतून. दोघंही निवृत्त झाले. परत जायचं परत जायचं असं बरीच वर्षं चाललं होतं, पण खरं सांगायचं तर कुणी मनापासून सामान बांधलंच नाही.

ज्ञानदाचं लहानपण आठवलं की मला आधी उघडलेल्या वस्तू दिसतात. रेडिओ, इस्त्री, शेजारच्यांच्या सायकलचा डायनॅमो. माझा मिक्सर तिनं सात-आठ वर्षांची असताना उघडला आणि परत जोडला. एक स्क्रू उरला, तो तिनं मला कागदात गुंडाळून आणून दिला, "हा तुझा जास्तीचा." एकदा तिनं दोन्ही घरांच्या दारावरच्या घंटा उघडल्या. त्यानंतर महिनाभर सुमनकडे पाहुणे आले की घंटा माझ्याकडे वाजायची, आणि मी खाली जाऊन तिला सांगायची की तुझ्याकडे कुणीतरी आलंय.

"हात लावू नकोस" हे त्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य असेल. दिलीपरावांनी एकदा तिला टेबलफॅनसमोर उभं करून शांतपणे समजावलं, "हा चालू आहे ना? चालू वस्तूला हात लावायचा नसतो."

"मग बंद करते," ती म्हणाली, आणि स्क्रूड्रायव्हर आणायला गेली.

अशी मुलगी इंजिनियर झाली नसती तरच नवल. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सीतापुऱ्यात, कॉलेज झालं आणि तिथेच, त्याच रस्त्यावर, रणजीतजींच्या कारखान्यात नोकरी लागली. दिलीपरावांना ती नोकरी कधी नोकरी वाटली नाही. पत्र्याची शेड, बाहेर चहाची टपरी, पेन्शन नाही. ओळखीच्या लोकांना ते सांगत, "सध्या तिथे आहे. बँकेच्या परीक्षा देतेय." ती एकही परीक्षा देत नव्हती. रोज सकाळी स्कूटीवर बसून सगळं शहर पार करून जायची आणि संध्याकाळी धुळीनं भुवया पांढऱ्या करून यायची. चेहरा मात्र असा, की दिवसभर जत्रेत होती.

रणजीतजी दूध तपासायची यंत्रं बनवतात. गावोगावच्या दूध केंद्रांवर बायका-पुरुष सकाळी कॅन घेऊन येतात. यंत्र दुधाचं वजन करतं, फॅट किती ते काढतं आणि चिठ्ठी छापून हातात देतं. आत एक छोटा संगणक असतो, एका हिरव्या बोर्डावर. त्यावर लिनक्स चालतं, आणि लिनक्सचा जो गाभा असतो, ज्याला ते लोक कर्नल म्हणतात, तो त्या बोर्डाला नीट बसवून देणं हे ज्ञानदाचं काम. हे सगळं मला नंतर कळलं. तोवर मी लोकांना "ती दुधात आहे" असं सांगत होते.

नव्या बोर्डावरची पहिली यंत्रं बस्सी गावच्या एका केंद्रावर लागायची होती. केंद्राचे सचिव गोपीनाथजी, मोठ्या मिशांचे, हौशी माणूस. त्यांनी मांडव घातला, यंत्राला झेंडूचा हार घातला, पेढे मागवले. ज्ञानदानं कित्येक महिने नमुन्याच्या बोर्डावर काम केलं होतं आणि तो बोर्ड कुरकुर न करता चालायचा. विक्रीचे बोर्ड मात्र पुरवठादाराकडून उशिरा, अगदी आदल्या दिवशी आले. ती म्हणत होती की दोन दिवस थांबू, चालवून बघू. रणजीतजी म्हणाले, "चिप वही है, बोर्ड वही है. थांबायचं काय?" असं हिंदी-मराठी मिसळून ते तिच्याशी मुद्दाम बोलत, ती मराठी म्हणून.

बस्सीत गोपीनाथजींनी बटण दाबलं. पडद्यावर गाय आली, 'आपका स्वागत है' आलं. टाळ्या झाल्या. पडदा काळा झाला. परत गाय, परत स्वागत. लोकांना वाटलं असंच असतं, त्यांनी परत टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या गायीनंतर टाळ्या थांबल्या. चौथ्या गायीला मागून कुणीतरी म्हणालं, "सचिवजी, यह गाय दूध भी देगी या दर्शन ही देगी?"

ऊन चढत होतं आणि कॅनमधलं दूध काही उद्घाटनासाठी थांबणार नव्हतं. गोपीनाथजींनी निमूटपणे कपाटातून जुनं यंत्र काढलं, हार त्याच्या गळ्यात घातला आणि काम सुरू केलं.

ज्ञानदा मांडवामागे एका ट्रॅक्टरच्या सावलीत जाऊन उभी राहिली. रडली का, असं मी विचारलं तर म्हणाली, "नाही, डोळ्यात भुसा गेला." दूध घालून परत निघालेली एक बाई तिच्याजवळ थांबली, पितळी लोट्यातून तिला ताक दिलं आणि म्हणाली, "मशीन ही तो बिगड़ी है लाडो, भैंस तो कोनी मरी." यंत्रच बिघडलंय, म्हैस तर नाही ना मेली. ज्ञानदानं ताक पिऊन टाकलं आणि यंत्रं टेंपोत चढवायला गेली.

पुढचे दिवस कारखान्यात दोषी शोधण्यात गेले. सतीशजी विजेचं बघतात, स्वभावानं भला माणूस, पण जगातला प्रत्येक बिघाड वायर सैल झाल्यानं होतो अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी सगळ्या वायरी बदलल्या. यंत्र गाय दाखवून मेलं. त्यांनी अडॅप्टर बदलले. गाय, आणि काळोख. मग रणजीतजींना शंका आली की जयपूरची लू, उन्हाळ्यातली ती गरम झळ, यंत्रांना बाधली असणार. कारखान्यात एसी फक्त त्यांच्या केबिनमध्ये, म्हणून सगळी यंत्रं त्यांच्या टेबलावर मांडली गेली आणि रणजीतजी स्वतः बाहेर टपरीवर बसून फोन घेऊ लागले. यंत्रं आत गारव्यात बसून तशीच चालू-बंद होत राहिली. दोन दिवसांनी ते टपरीवरून घामाघूम होऊन आत आले, आपल्या खुर्चीकडे पाहिलं आणि ज्ञानदाला म्हणाले, "बेटा, गर्मी मशीन को नहीं, मुझे लग रही है. कुछ करो."

अडचण अशी होती की यंत्र मरताना काही सांगत नव्हतं. एरवी काही बिघडलं की कर्नल तक्रार करतो, कुठे दुखतंय ते लिहून ठेवतो. इथे एका क्षणी सगळं ठीक आणि दुसऱ्या क्षणी शून्यापासून सुरुवात. ज्ञानदानं मग एक गोष्ट केली. यंत्राला वायरनं आपला लॅपटॉप जोडला आणि कर्नलमध्ये असा बदल केला की तो जागा झाल्यावर ज्या ज्या गोष्टीला हात लावेल, तिचं नाव आधी मोठ्यानं सांगेल आणि मगच हात लावेल. लहान मुलाला "आता काय करतोयस, सांगत राहा" म्हणतो तसं. कर्नल एकेक नाव घेत गेला. बोलता बोलता यंत्र गेलं, आणि शेवटचं नाव लॅपटॉपवर राहिलं.

ते एका क्लॉकचं नाव होतं. त्याच रविवारी ती माझ्या जिन्यात ओरडत आली.

मी साड्या बाजूला केल्या आणि तिला बसवलं. "आता नीट सांग. कुठलं घड्याळ?"

"मावशी, वेळ दाखवणारं नाही. मतलब, चिपच्या आत पुष्कळ घड्या असतात, त्या नुसता ठेका देतात. टिक टिक टिक. त्या ठेक्यावर चिपचा एकेक भाग काम करतो. पडद्याची वेगळी, प्रिंटरची वेगळी. आणि कर्नल उठला की सगळीकडे फिरतो, कुठली घडी चालू आहे बघतो, आणि जिचा कोणाला उपयोग नाही ती बंद करतो. बिजली वाचवायला."

"तुझ्या बाबांसारखं," मी म्हटलं. त्याच आठवड्यात दिलीपरावांनी जिन्यातलं एक बटण 'उगाच चालू आहे' म्हणून बंद केलं होतं आणि आमच्या टाकीत पाणी चढलं नव्हतं.

"एकदम बाबांसारखं! फक्त तू काय केलंस, वरून ओरडलीस. इथे काय होतं, बाबांनी बटणाला बोट लावलं की पूर्ण बिल्डिंगची बत्ती गुल."

"कोण करतं गुल?"

"चिपच्या कंपनीनं आत एक चौकीदार बसवलाय. छोटा प्रोग्राम. कर्नलच्या पण आधी उठतो. काही घड्या त्यानं स्वतःसाठी ठेवल्यात, त्याचं काहीतरी गुप्त काम असतं. तिथे कर्नलनं हात लावला की तो विचारत नाही, समजावत नाही. सरळ रीस्टार्ट."

"मग तुझ्याकडच्या नमुन्याच्या बोर्डावर कसं चालत होतं?"

"त्यात चौकीदार सुट्टीवर असतो ना! ते इंजिनियर लोकांना खेळायला देतात. विकायच्या बोर्डात तो ड्यूटीवर. चिप वही, बोर्ड वही, चौकीदार अलग."

उपाय तिनं सांगितला तो ऐकून मला हसू आलं. प्रत्येक बोर्डाची एक फाइल असते, डिव्हाइस ट्री म्हणतात तिला. या बोर्डावर काय काय आहे, हे ती कर्नलला सांगते. त्यात एक ओळ लिहायची सोय आहे, की अमुक अमुक क्लॉक संरक्षित आहेत. ती ओळ वाचली की कर्नल त्या क्लॉककडे ढुंकूनही बघत नाही. त्याच्या लेखी ते नसतातच.

सुमन खालून चिवडा घेऊन वर आली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस खपून तू त्या यंत्राला काय सांगितलंस? हात लावू नकोस. हे आम्ही तुला लहानपणापासून फुकट सांगतोय. याचा पगार देतात?"

ज्ञानदा इतकी हसली की तिला ठसका लागला.

एक क्लॉक झाकला तर यंत्र थोडं पुढे जाऊन दुसऱ्यापाशी मेलं. तो झाकला, मग तिसरा. दोन-तीन दिवस हेच चाललं. आणि मग, मला वाटतं बस्सीचा धसका मनात होता म्हणून, तिनं शेजारपाजारचे जे जे क्लॉक संशयास्पद वाटले ते सगळे संरक्षित करून टाकले. यंत्र उभं राहिलं. दिवसभर चाललं, रात्रभर चाललं. रणजीतजींनी आपली खुर्ची परत घेतली आणि कारखान्यात सगळ्यांना कचोरी वाटली. यंत्रं परत बस्सीला गेली, या वेळी हार-पेढे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीनाथजींचा फोन. "मैडम, मशीन बंद नहीं होती, बहुत अच्छा. पर अब वह साधु हो गई है. बैठी रहती है, करती कुछ नहीं."

वजन होत होतं, फॅट निघत होता, पडद्यावर आकडे येत होते, पण चिठ्ठी येत नव्हती. आणि चिठ्ठी हातात पडल्याशिवाय बस्सीतली एकही बाई केंद्रावरून हलायला तयार नव्हती. झालं होतं असं की भीतीपोटी झाकलेल्या क्लॉकमध्ये एक प्रिंटरचा होता. कर्नलला सांगितलंय की हा क्लॉक नाहीच, मग तो प्रिंटर चालवणार कशावर?

तिला याचं वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त आला, आणि तो स्वतःचाच. मला म्हणाली, "मावशी, मी आईसारखी केली. सगळ्यालाच नको म्हणून टाकलं." नशीब, हे सुमननं ऐकलं नाही. मग तिनं उलटं काम सुरू केलं. एकेक क्लॉक मोकळा करायचा, यंत्र चालू करायचं, मेलं तर परत झाकायचा, जगलं तर सोडून द्यायचा. शेवटी जे खरोखर चौकीदाराचे होते तेवढेच उरले. प्रिंटरनं चिठ्ठी काढली, तेव्हा सतीशजींनी ती उपटून घेतली आणि म्हणाले, "वायर पण मी टाइट केली होती." त्यांना तेवढं श्रेय सगळ्यांनी दिलं.

रणजीतजींच्या लेखी गोष्ट इथे संपली. ज्ञानदाच्या लेखी नाही. लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरचे लोक त्यात दुरुस्त्या पाठवतात आणि काही जाणती मंडळी त्या तपासून आत घेतात. तिला ही दुरुस्ती तिथे पाठवायची होती.

"अपना मसाला दुनिया को क्यों बताएँ?" रणजीतजींनी विचारलं.

"सर, हे बोर्ड आपण एकटेच घेतो का? आणि हे तिथे गेलं नाही तर पुढचा प्रत्येक कर्नल आला की मला परत हेच सगळं करत बसावं लागेल. तुमच्या केबिनमध्ये."

केबिन म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. एकच अट घातली, की कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकू नये.

तिनं दुरुस्ती पाठवली आणि चार दिवस फोन हातात घेऊन वावरली. उत्तर आलं ते फिनलंडमधल्या एका गृहस्थांचं. सुरुवातच 'मिस्टर ज्ञानदा' अशी. त्यांचं म्हणणं, काम चांगलं आहे, पण ही ओळ तुम्ही बोर्डाच्या नाही, चिपच्या सामाईक फाइलमध्ये लिहिली आहे. ही चिप इतर अनेक बोर्डांवर आहे आणि तिथे चौकीदार इतका कडक नाही. तुमच्या भीतीपायी त्यांचे क्लॉक का झाकायचे? ओळ तुमच्या बोर्डाच्या फाइलमध्ये हलवा, आणि या क्लॉकना हात लावल्यावर नेमकं काय होतं ते लिहा.

तिचं तोंड उतरलं. संध्याकाळी जेवताना तिनं घरी सांगितलं, आणि आजवर तिच्या नोकरीत एकदाही रस न दाखवलेले दिलीपराव ताठ बसले. "ऑब्जेक्शन आलंय म्हण की," ते म्हणाले. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी वरच्या ऑफिसच्या हरकतींना उत्तरं दिली होती. हा त्यांचा प्रांत होता. "घाबरायचं नाही. समोरचा बरोबर आहे का?"

"हो बाबा. बरोबरच आहे."

"मग पहिल्याच ओळीत तसं मान्य करायचं. कारणं द्यायची नाहीत. जे घडलं ते घडलं तसं लिहायचं, आणि शेवटी आभार. एक ओळ, जास्त नाही."

बापलेक जेवणाचं ताट तसंच ठेवून उत्तर लिहायला बसली. दिलीपरावांना क्लॉकमधलं काही कळत नव्हतं, पण 'मला वाटतं' असं जिथे जिथे होतं ते त्यांनी काढायला लावलं. "वाटणं नको. बघितलंयस ना? मग लिही, बघितलं." सुमननं दोनदा भाकरी गरम केली आणि मग गॅस बंद करून माझ्याकडे येऊन बसली.

फिनलंडच्या गृहस्थांनी दुरुस्ती मान्य केली. आता जगात कुठेही त्या बोर्डावर नवा कर्नल घातला तर तो त्या क्लॉकना हात लावत नाही, आणि ते कुणी लिहिलं तिथे ज्ञानदाचं नाव आहे. इथल्या मराठी मंडळाच्या पुढच्या बैठकीत दिलीपरावांनी चहाच्या वेळी जाहीर केलं, "ज्ञानदानं फिनलंडचं ऑब्जेक्शन क्लिअर केलं." कशाचं, हे कुणी विचारलं नाही. बँकेच्या परीक्षांचा विषय मात्र त्यानंतर मी ऐकला नाही.

थंडी पडल्यावर एका सकाळी ती आम्हा सगळ्यांना बस्सीला घेऊन गेली, यंत्र दाखवायला. गोपीनाथजींनी खुर्च्या मांडल्या, गूळ आणि ताक दिलं. दिलीपराव यंत्राभोवती हात मागे बांधून फिरले आणि त्याच्या मागच्या बटणाकडे बघून म्हणाले, "हे सारखं चालूच ठेवता?" ज्ञानदानं त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

गर्दी ओसरली तशी सुमननं पिशवीतून एक बाटली काढली. पदराखाली लपवून आणल्यासारखी. बाटलीत दूध होतं.

"आई, हे काय?"

"आपल्या दूधवाल्याचं. म्हशीचं म्हणून घेतो पैसे. तपासा म्हणावं."

ज्ञानदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गोपीनाथजींनी गंभीरपणे बाटली घेतली, दूध ओतलं, यंत्र घरघरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. ती वाचून त्यांनी मिशा सारख्या केल्या. सुमनचा मान राखायचा होता, खोटंही बोलायचं नव्हतं.

"बहनजी," ते म्हणाले, "इसमें दूध भी है."

सुमननं ती चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती चिठ्ठी घेऊन दारात उभी होती. दिलीपराव भांडण टाळायला वर माझ्याकडे चहाला आले, त्यामुळे आम्ही दोघांनी कठड्यावरून सगळं बघितलं. दूधवाल्यानं चिठ्ठी उलटसुलट केली आणि म्हणाला, "माताजी, वह मशीन खराब होगी."

सुमनचं हिंदी इतक्या वर्षांत मिरजेच्या वेशीबाहेर गेलेलं नाही. ती एक पायरी खाली उतरली आणि म्हणाली, "खराब? वो मशीन हमारे मुलगी ने किया है. उसको कुछ नहीं होता. हात तो लगाके देखो."

आत ज्ञानदा स्कूटीची किल्ली शोधत होती. ती जागच्या जागी थांबली, आणि मग काही ऐकलं नाही असं दाखवत दूधवाल्याच्या बाजूनं स्कूटी काढून गेली.

दुधाला आता जाड साय येते. माझ्याकडेसुद्धा, कारण आमचा दूधवाला एकच आहे.